सतरा नंबर

लातूरच्या आमच्या घरात दुपारच्या जेवणाआधी मेलेल्यांची नावं वाचायची पद्धत होती. घंटा झाली की आम्ही सहाजणी आपापल्या खुर्चीमागे उभ्या राहायचो. जिची पाळी असेल ती भिंतीतल्या फळीवरून स्मरणवही काढायची, त्या तारखेचं पान उघडायची आणि आमच्या संघातली कोणती सिस्टर त्या तारखेला देवाघरी गेली ते वाचायची. नाव, गाव, कुठे सेवा केली, एवढंच. मग सगळ्या म्हणायच्या, "प्रभू तिला विसावा देवो." खुर्च्या सरकायच्या, पातेल्यांवरची झाकणं निघायची आणि तुरीच्या वरणाचा वास खोलीभर व्हायचा. एखाद्या तारखेला कुणीच गेलेलं नसेल तर जेवण जरा लवकर सुरू व्हायचं. आम्हा तरुण सिस्टरांना ते मनातून बरं वाटायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी त्या घरात आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मूळची लोह्याजवळच्या खेड्यातली. आमच्या वस्तीत वीसेक ख्रिस्ती घरं. फादर महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी प्रार्थना माझे वडील चालवायचे. गावात सिस्टरांचा छोटा दवाखाना होता. दहावीच्या सुट्टीत मी तिथलं औषधांचं कपाट लावून दिलं: मुदत संपलेली एका बाजूला, मुलांची वेगळी, प्रत्येक फळीवर चिठ्ठी. सिस्टर इतक्या खूश झाल्या की मला रोज बोलवायला लागल्या. बारावी झाली आणि मी त्यांच्याबरोबर गेले. कुणी बळजबरी केली नाही. कुणी विचारलंही नाही, मीसुद्धा स्वतःला विचारलं नाही. वडिलांना अभिमान वाटला, आईने पंधरा दिवस पदर तोंडाला लावला, आणि मी सुमनची सिस्टर सुमन झाले.

लातूरचं घर जुनं, दुमजली, मागे मुलींचं वसतिगृह, बाजूला छोटा दवाखाना. लातूरला क्लासेससाठी गावोगावच्या मुली येतात, त्यांतल्या साठेक आमच्याकडे राहायच्या. दुपारी तीन वाजता त्या जिन्यात बसून जीवशास्त्र मोठ्याने पाठ करायच्या आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही चॅपलमध्ये जपमाळ म्हणायचो. दोन्हींची लय इतकी सारखी होती, की एकदा मरियेच्या नावाऐवजी माझ्या तोंडून पेशीच्या एका भागाचं नाव निघून गेलं. पलीकडच्या गल्लीत डाळ मिल होती. तिची घरघर दिवसभर चालायची, म्हणून ती कुणाला ऐकू येत नसे. वीज गेली की मगच कळायचं, की इतका वेळ काहीतरी चालू होतं. मिलची पिवळी धूळ खिडक्यांच्या फटींतून येऊन चॅपलच्या बाकांवर बसायची. सकाळी पुसली तरी दुपारपर्यंत पुन्हा बोट उठेल इतकी. स्वयंपाकघर गयाबाईंचं. त्या तीस वर्षांपासून तिथे होत्या, आमच्यातल्या बहुतेकींच्या आधीपासून. घराच्या प्रमुख, म्हणजे सुपीरियर, सिस्टर रोझिली केरळच्या, त्यांना सकाळी तांदळाची पेज लागे. बाकीच्यांना गयाबाई ज्वारीची भाकरी थापायच्या आणि लसणाचं लाल तिखट करायच्या. ते तिखट आठवलं की अजून माझ्या डोळ्यांत पाणी येतं. आल्या आल्या मी स्वयंपाकाचं आठवड्याचं पत्रक करून भिंतीवर लावलं होतं. गयाबाईंनी ते वाचलं नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. पण कोणी वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, "सिस्टर, तुमची यादी भितीवर ऱ्हाऊ द्या. चूल माझी हाय."

आमच्यात पहिली व्रतं घेतल्यावर काही वर्षं ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागतात. मग नित्य व्रत, म्हणजे मरेपर्यंतचं. त्यासाठी संघाच्या आमच्या प्रांताच्या प्रमुख मदरांना स्वतःच्या हाताने अर्ज लिहायचा असतो. त्याला छापील नमुना नाही. मला का राहायचं आहे, एवढंच लिहायचं. वसतिगृहासाठी मी नगरपालिकेपासून वीज मंडळापर्यंत शेकडो अर्ज लिहिले होते, पण हा एक लिहिता येईना. रोज सकाळी मी खिशातल्या डायरीत दिवसाची यादी करायची, झालेल्या कामावर रेघ मारायची आणि उरलेलं दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवायची. "अर्ज" हा शब्द वर्षाहून अधिक काळ असा एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहिला.

अडचण कुणाला सांगण्यासारखी नव्हती. चॅपलमध्ये गुडघ्यांवर बसून मी डोळे मिटले, की आत दुसरी यादी उघडायची. पाण्याचा टँकर, गॅसची टाकी, तीन नंबरच्या खोलीतल्या मुलीचा ताप. ती संपली की आत काही उरायचं नाही. रिकाम्या घरात हाक मारावी आणि आपलाच आवाज भिंतीवरून परत यावा, तसं वाटायचं. कुणी नाहीच आहे, असं मी स्पष्ट शब्दांत कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. त्यापेक्षा टँकरवाल्याला फोन करणं सोपं होतं.

अशात एक दिवस रोझिली सिस्टरांनी स्मरणवही माझ्यापुढे ठेवली. "सिस्टर सुमन, हा वही पूर्ण खराब झाला. कसर लागला. तू नवीन कर. तुझी अक्षर चांगला आहे." त्यांच्या मराठीत सगळी लिंगं एकमेकांच्या घरी राहायची, पण काम कुणाला द्यायचं हे त्यांना बरोबर कळायचं. वहीची खरोखर चाळण झाली होती. फेब्रुवारीची दोन पानं तर कसरीने अशी खाल्ली होती, की नुसत्या कडा उरल्या होत्या. मी कामाला लागले. प्रांताची पत्रकं काढली, जुने फोटो काढले, आणि चॅपलची मिस्सा-वही काढली. कोणत्या दिवशीची मिस्सा, म्हणजे फादरांची वेदीवरची उपासना, कुणाच्या नावाने आहे, ते त्या वहीत लिहिलेलं असतं. आपल्या सिस्टरच्या मृत्यूच्या तारखेला दरवर्षी तिच्यासाठी मिस्सा होते, त्यामुळे गळालेली नावं भरायला हा उत्तम उपाय होता. फेब्रुवारीतल्या एका तारखेला मला सलग वीसेक वर्षं एकच नोंद सापडली: सिस्टर फिलोमिना. हे नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. मग कपड्यांची जुनी यादी काढली. आमच्यात प्रत्येक सिस्टरला एक नंबर असतो. धुलाईत सरमिसळ होऊ नये म्हणून तो चादरीच्या, टॉवेलच्या, रुमालाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने शिवतात. एखादी सिस्टर वारली की तिचा नंबर मोकळा होतो आणि पुढे कधीतरी नव्या मुलीला मिळतो. माझा नंबर सतरा. यादीत सतराच्या पुढे, खोडलेल्या अक्षरांत, लिहिलं होतं: सिस्टर फिलोमिना.

तीन पुरावे झाले होते: खाल्लेलं पान, दरवर्षीची मिस्सा आणि मोकळा झालेला नंबर. मी नव्या वहीत माझ्या चांगल्या अक्षरात तिचं नाव लिहिलं आणि डायरीत त्या कामावर रेघ मारली.

फेब्रुवारीत ती तारीख आली तेव्हा वाचायची पाळी माझीच होती. मी नाव वाचलं. वाचताना वाटलं, हे नाव या खोलीत पहिल्यांदाच उच्चारलं जातंय. एरवी आमचं "विसावा देवो" एका सुरात येतं. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी एकटाच आवाज आला, मोठा आणि फाटलेला. तो अ‍ॅग्नेस सिस्टरांचा होता. अ‍ॅग्नेस सिस्टर जालन्याकडच्या, साठी ओलांडलेल्या, घरातल्या सर्वांत जुन्या. त्या दिवशी त्यांनी भाकरी घेतली नाही. नुसतं वरण वाटीत घेऊन चमचा फिरवत राहिल्या. गयाबाई स्वयंपाकघराच्या दारात हातातलं भांडं तसंच धरून उभ्या होत्या. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काय न्हाई. वाढते की," आणि आत गेल्या.

त्यानंतर मला फिलोमिना दिसायला लागली असं म्हणणार नाही. दिसलं काहीच नाही. पण कपाटाच्या तळाशी उशीचे दोन जुने अभ्रे निघाले. त्यांच्या कोपऱ्यात लाल सतरा होता, माझ्यासारखाच इंग्रजी आकड्यांत, फक्त सातच्या पोटातून एक आडवी रेघ काढलेली. मी ते वापरायला घेतले. मेलेल्या बाईच्या उशीवर डोकं ठेवून झोपायचं, तिचा नंबर अंगावर वागवायचा, चॅपलमध्ये मागच्या बाकाच्या कोपऱ्यात तिचीच असावी अशा जागेवर बसायचं, हे सगळं कधी सुरू झालं ते मलाही सांगता येणार नाही. एका दुपारी यादी संपली, आत नेहमीचं रिकामं झालं, आणि मी सहज मनात म्हटलं, "सिस्टर फिलोमिना, तुम्ही तरी आहात का?"

त्यानंतर मी तिच्याशी रोज बोलायला लागले. संतांशी बोलतात तसं नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या मोठ्या बहिणीशी बोलावं तसं. तीन नंबरच्या मुलीने रडून उशी भिजवली, हे सांगितलं. रोझिली सिस्टरांचा राग आला, हे सांगितलं. दवाखान्यात औषधांची खोकी घेऊन येणाऱ्या माणसाच्या हसण्याची मी वाट बघते, हेही सांगितलं, जे मी फादरांपुढच्या कबुलीजबाबातसुद्धा नीट सांगितलं नव्हतं. उत्तर मिळायचं असं नाही. पण ऐकणारं कुणी समोर असलं की आपल्या बोलण्याला जो एक भार येतो, तो यायचा. मी खोटं बोलायला गेले की शब्द अडायचा. कधी माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा बाकावरच्या धुळीत, माझ्या जागेच्या शेजारी, कुणी बसून उठल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला. अ‍ॅग्नेस सिस्टर बसल्या असतील. मी त्यांना विचारलं नाही. आजही मी व्यवहारी बाई आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण तो पट्टा मी हाताने पुसला नाही, एवढं खरं.

दुसऱ्या फेब्रुवारीत नाव पुन्हा वाचलं गेलं आणि अ‍ॅग्नेस सिस्टर पुन्हा सगळ्यांच्या आधी बोलल्या. मग एप्रिल आला. नित्य व्रताआधी घरी जाऊन यायची मुभा असते. माझी आई तेव्हा नांदेडला दादाकडे राहायची. मी पिशवी भरत होते तेव्हा अ‍ॅग्नेस सिस्टर दारात आल्या. हातात जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेली बरणी.

"नांदेडहून अर्धापूरला जाशील?"

"काय काम आहे सिस्टर?"

"शाळेच्या मागं एक बाई हाय. शिवणकाम करती. मीनाताई म्हण, कुणी बी दाखवील. एवढं दे तिला."

"आणि निरोप?"

त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा आवळली. "निरोप तूच हाईस," म्हणाल्या. मला वाटलं, वय झालंय, काहीतरी बोलतात.

एसटी अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचेपर्यंत दुपार झाली. आईने दारातच माझा चेहरा दोन हातांत धरला. "लई वाळलीस गं. खायला देतेत का नुसतं प्रार्थनाच?" तिने शेंगदाण्याचा कूट घालून वांगी केली होती. मी जेवत असताना ती शेजारी बसून पदराने वारा घालत होती आणि घरात पंखा असल्याचं दादाने आणि मी तिला तीनदा सांगून झालं होतं. जेवण झाल्यावर म्हणाली, "सुमे, आता कायमचंच ना हे?" मी म्हटलं, "अजून अर्ज दिला नाही." तिचा वारा घालायचा हात तेवढा थांबला. तिला काय हवं होतं, मी परत यावं की येऊ नये, ते मला कधीच कळलं नाही. आता विचारायला ती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडापच्या जीपने अर्धापूरला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, त्यांच्यामुळे तिथल्या उन्हालाही ओलसर वास येतो. शाळेच्या मागे पत्र्याची खोली, दोन शिलाई मशिनी, आणि जून जवळ आल्यामुळे गणवेशांचे ढीग: आकाशी शर्ट, गर्द निळे फ्रॉक. मशिनीवर साठीकडे झुकलेली एक बाई बसली होती, गळ्यात टेप, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"या सिस्टर, बसा. कोन्या शाळेच्या तुम्ही?"

"मी लातूरहून आले. अ‍ॅग्नेस सिस्टरांनी हे दिलंय."

मशीन थांबली. तिने बरणीचं फडकं सोडलं, झाकण उघडलं, बोटाने चिमूटभर लाल तिखट काढून जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"गयाबाईच करती व्हय अजून?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"तिला म्हणावं, मीठ अजून बी जास्तच पडून राहिलंय."

ती हसत उठली आणि माठातलं पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. पेल्यावर पांढऱ्या फडक्याचा तुकडा झाकलेला होता. त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा सतरा. सातच्या पोटातून आडवी रेघ.

मी पाणी प्यायले नाही. खिशातून माझा रुमाल काढला आणि त्या फडक्याशेजारी ठेवला, कोपऱ्याला कोपरा लावून. ती वाकून बघत राहिली.

"सतरा तुला दिला व्हय? मंग तू माझीच म्हणायची की."

"सिस्टर फिलोमिना?"

"त्याला लई वर्सं झाली."

"पण तुम्ही वारलात," मी म्हटलं. तोंडातून तेवढंच निघालं.

"कधी?"

"फेब्रुवारीत."

ती इतकी हसली, की चष्मा काढून तिला डोळे पुसावे लागले. मी तिला सगळं सांगितलं: कसर लागलेलं पान, मिस्सा-वही, नंबर, वाचन. सांगता सांगता तिचं हसू हळूहळू आटत गेलं.

"आन् मग सगळ्या म्हणाल्या? विसावा देवो म्हणून?"

"हो."

"अ‍ॅग्नेस म्हणाली?"

"सगळ्यांच्या आधी."

तिने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "मी निघाले तो फेब्रुवारीच होता." निघायचं कसं असतं, ते मला तिच्याकडून पहिल्यांदा कळलं. त्या काळी संघ सोडून जाणारी सिस्टर मागच्या फाटकाने जायची, बाकीच्या चॅपलमध्ये असताना. कुणी निरोप द्यायचा नाही. नंतर तिचं नाव जेवणाच्या टेबलावर काढायचं नाही. अ‍ॅग्नेस सिस्टर तिच्याबरोबरच संघात आलेल्या, एका वर्गातल्या. त्या दिवशी त्याही चॅपलमध्ये होत्या.

"का निघालात?" मी विचारलं. हाच प्रश्न मी दीड वर्ष पानामागून पान पुढे ढकलत होते.

"लोकांला वाटलं, कुणी माणूस असंल. कुणी न्हवतं. मी तिथं रोज बोलायची, सकाळ-संध्याकाळ. पंधरा वर्सं बोलले. कुणी ऐकून राहिलंय असं एकदा बी वाटलं न्हाई. मग एका सकाळी घंटा झाली आन् मी उठलेच न्हाई." तिने एक शर्ट उचलला आणि काज करायला घेतलं. "इथं बरं हाय. शर्ट शिवला की पोरगं घालतं."

तेव्हा मी तिला ते सांगितलं, जे कुणालाच सांगितलं नव्हतं: मागचा बाक, रोजची दुपार, सव्वा वर्ष तिच्याशी केलेलं बोलणं, माझ्या शब्दांना येणारा तो भार. तिची सुई मध्येच थांबली.

"मी न्हवते बाई," ती हळूच म्हणाली. "मी इथं काजं करून राहिले होते."

"मग कोण ऐकत होतं?"

"ते मला इचारू नको. मला तसं एक दिवस जरी वाटलं असतं, तर मी तिथून हलले असते व्हय?"

बाहेर शाळेच्या मैदानात कुणीतरी पत्रा ओढत होतं. मला भीती वाटली. मेलेल्या बाईशी बोलत होते तोवर वाटली नव्हती, इतकी. खोलीत कुणी आहे हे ठाऊक असणं वेगळं. आणि जिला आपण ते कुणी समजत होतो ती समोर बसून काजं करतेय, तरी खोलीत कुणी होतंच, हे कळणं वेगळं. निघताना तिने माझा रुमाल परत दिला आणि स्वतःचं फडकंही त्यात ठेवलं. "राहा म्हणत न्हाई, नीघ बी म्हणत न्हाई," म्हणाली. "पन अ‍ॅग्नेसला सांग, मी जेवून-खाऊन हाय."

लातूरला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी मी पाळी नसताना वही काढली. त्या तारखेचं जे नाव होतं ते वाचलं, "विसावा देवो" झालं, खुर्च्या सरकायला लागल्या, आणि मी उभीच राहिले. म्हटलं, "या वहीत माझी एक चूक झाली आहे. सिस्टर फिलोमिना वारलेल्या नाहीत. त्या अर्धापूरला असतात, शाळेचे गणवेश शिवतात. आपण दोन वर्षं जिवंत बाईसाठी विसावा मागितला." रोझिली सिस्टर माझ्याकडे, मग अ‍ॅग्नेस सिस्टरांकडे पाहत राहिल्या. रोझिली सिस्टर लातूरला येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट होती ही. शेवटी म्हणाल्या, "सिस्टर सुमन, जेवण थंड होते. बस. नंतर व्हाइटनर लावू."

"व्हाइटनर न्हाई लावायचं," अ‍ॅग्नेस सिस्टर म्हणाल्या. त्या कधी सुपीरियरला उलट बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"सिस्टर, तुम्हाला माहीत होतं? मग बोलले का नाही?"

"काय बोलू? वीस वर्सं तिचं नाव घ्यायची सोय न्हवती. मी तिच्यासाठी मिस्सा लावायची, ती बी गुपचूप." त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "त्या दिवशी मी चॅपलात होते. मागच्या फाटकाची कडी वाजलेली ऐकली. गुडघ्यावरून उठले न्हाई. मग या पोरीनं नाव वाचलं. मेली म्हणून का होईना, नाव तर आलं ना टेबलावर."

गयाबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "मीनाताईंचा निरोप आहे. मीठ जास्त पडतं म्हणे." गयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "तिला नेहमी असंच लागायचं, मुडदा तिचा." अ‍ॅग्नेस सिस्टर हसल्या, मग रडल्या, मग त्यांनी भाकरी मागून घेतली.

रोझिली सिस्टरांनी शेवटी तोडगा काढला. नाव एका सरळ रेघेने खोडायचं, व्हाइटनर नाही. आणि वहीच्या शेवटच्या पानावर, संघातून गेलेल्या ज्या आठवतील त्या सिस्टरांची नावं लिहायची. वाचायची नाहीत, पण लिहायची. अ‍ॅग्नेस सिस्टरांनी न थांबता अकरा नावं सांगितली. एवढी वर्षं त्यांनीही एक यादी जपली होती, कागदाशिवाय.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहिला. तीनच वाक्यं होती. "मी इथे बोलते तेव्हा कुणीतरी ऐकतं. ते कोण हे मला माहीत नाही, आणि मला त्याची भीती वाटते. मला राहायचं आहे." प्रांताच्या मदरांनी मला बोलावून विचारलं, "सिस्टर, हा अर्ज आहे की तक्रार?" मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी सही केली. डायरीतल्या त्या शब्दावर मी रेघ मारली तेव्हा पेनाचा दाब इतका होता, की पुढच्या तीन पानांवर तिचा वळ उठला.

अनेक घरं फिरून मी आता पुन्हा लातूरच्या घरी आहे, सुपीरियर म्हणून. अ‍ॅग्नेस सिस्टर गेल्या, गयाबाई गेल्या. डाळ मिल गावाबाहेर हलली. चॅपलमध्ये आता इतकं शांत असतं, की नव्या सिस्टरांना ते आवडतं आणि मला अजून सवय होत नाही. शेवटच्या पानावरची नावं मी वर्षातून एकदा वाचून घेते, उभ्याने, जेवणाआधी. यंदाच्या पावसाळ्यात अर्धापूरहून मीनाताईंच्या पुतणीचा फोन आला. मशिनीवरच गेल्या, म्हणाली, हातात शर्ट होता. मी वही काढली. फेब्रुवारीच्या पानावर माझ्याच अक्षरातलं, माझ्याच रेघेने खोडलेलं ते नाव तसंच होतं. नवं पान उघडून मी ते पुन्हा लिहिलं, खऱ्या तारखेला. अक्षर आता तितकं चांगलं येत नाही.

तीन वाजता जिन्यात मुली पाठांतर करत होत्या. मी चॅपलमध्ये मागच्या बाकावर, माझ्या कोपऱ्यात बसले आणि सवयीने म्हटलं, "सिस्टर फिलोमिना." आणि थांबले. या वेळी ती खरंच तिकडे, मेलेल्यांत होती. पण त्या दुसऱ्या ऐकणाऱ्याशी इतकी वर्षं बोलूनही मी त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. मग मी खिशातून रुमाल काढला, शेजारी बाकावरची धूळ पुसली, आणि जागा करून थोडी सरकून बसले.